आधी चेसिस नंबर, मग टोकन

तू पाठवलेली ट्रॅक्टरची जाहिरात पाहिली. तुझ्या दाजींनाही दाखवली. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘हो गं ताई, हो गं ताई’ करतेस आणि मनातलं सोडत नाहीस. म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं असलं की रात्री पाहुण्यांनाही वाचायला देशील.

जाहिरातीचा मजकूर असा आहे : ‘४५ एचपी, २०१९ मॉडेल, फक्त १,१०० तास, सिंगल हँड, घरचं काम, पेपर क्लिअर, टायर ८० टक्के, शोरूम कंडिशन, अर्जंट विकणे, ३ लाख ४० हजार, दलालांनी फोन करू नये.’ आणि खाली तुझं : ‘ताई, वीस हजार टोकन आजच पाठवायचंय, नाहीतर उद्या दुसरा घेऊन जाईल म्हणतोय.’

जाऊ दे घेऊन. वीस हजार पाठवू नकोस, पाचशेही पाठवू नकोस. बाकीचं सावकाश वाच, एवढं मात्र आधी ऐक.

आता ते फोटो. पाच आहेत. चार अंगणातले, आणि चारही डाव्या बाजूचे. उजवी बाजू एकाही फोटोत नाही. नंबरप्लेटवर पांढरा ठिपका मारलाय. पाचवा फोटो मात्र झकास : ट्रॅक्टर उन्हात चमकतोय, मागे हिरवंगार शेत. बोटांनी तो जरा मोठा करून बघ. शेताच्या कडेला दुकानाची पाटी आहे आणि तिच्यावरची अक्षरं गुरुमुखी आहेत. जाहिरातीत गाव अकलूज. मी तो फोटो गुगल लेन्सवर टाकला तर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्याच नंबरच्या जाहिरातीत तोच निघाला. बाकीचे चार कुठे सापडले नाहीत. म्हणजे चार फोटो त्याच्या दारातले, आणि सगळ्यांत देखणा तेवढा उसना.

आता तू म्हणशील, मग हा लबाडच आहे, सोडून देऊ. मला तसं वाटत नाही, आणि तेच तुला सांगायचंय. पूर्ण खोटी जाहिरात फार नुकसान करत नाही. त्यातला माणूस ‘मी फौजी आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय’ असं सांगतो, मिलिटरीच्या ओळखपत्राचा फोटो पाठवतो, ट्रान्सपोर्टचे पैसे मागतो आणि गायब होतो. पाच-दहा हजारांना चाट बसते, माणूस चार दिवस हळहळतो आणि शहाणा होतो. संसार बुडवते ती अर्धी खरी जाहिरात. तिथं ट्रॅक्टर खरा असतो, माणूस खरा असतो, आरसी पण खरी असते. तू जातेस, चहा पितेस, ट्रॅक्टर चालवून बघतेस, घरी आणतेस. आणि पुढच्या हंगामात इंजिन उघडावं लागतं, फायनान्सवाला दारात येतो, हप्ता मात्र पाच वर्षं चालू राहतो. आमच्या गॅरेजमध्ये बिलं मीच करते, तेव्हा असे ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून आलेले मी बघते. त्या ट्रॅक्टरवाल्यांच्या बायका बाकड्यावर बसून बिलाकडे बघत असतात. तुला त्या बाकड्यावर बसलेली मला बघायची नाही.

तासांचं बघू. २०१९ पासून सहा-सव्वासहा वर्षं झाली. १,१०० तास म्हणजे वर्षाला पावणेदोनशे. एकर नांगरायला दोनेक तास लागतात, रोटाव्हेटरला त्याहून कमी. दहा-बारा एकरवाल्यानं खरंच फक्त घरचं काम केलं तर हा आकडा बसतो. नाही असं नाही. पण बारा एकरांसाठी ट्रॅक्टर काढून त्याचे हप्ते फक्त घरच्या कामावर फेडलेला माणूस तुझ्या तरी बघण्यात आहे का? सगळेच भाडं मारतात. आणि अकलूजकडचा ट्रॅक्टर म्हटला की उसाची वाहतूक आलीच. त्याच्या दुसऱ्या फोटोत मागचा हुक अर्धवट दिसतोय. पिन जिथं बसते ते भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढला की भोक असं होतं, घरच्या कामानं होत नाही. कारखान्याचा पट्टा पडला की असे ट्रॅक्टर रंग मारून जाहिरातीत येतात.

मीटरवर तर फारसा विसंबून राहूच नकोस. जुन्या पद्धतीचा मीटर केबलवर चालतो. केबल काढून ठेवली की ट्रॅक्टर राबतो आणि मीटर झोपतो. अख्खा मीटर बदलणं हेही काही मोठं काम नाही. शिवाय हे मीटर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर तास मोजतात, इंजिन हळू फिरलं तर तासाचा पूर्ण तास पडत नाही. मीटर खोटं बोलू शकतो, झीज सहसा बोलत नाही. आपले आजोबा घोडेगावच्या बाजारात बैलाच्या रंगवलेल्या शिंगांकडे बघत नसत, सरळ तोंड उघडून दात बघत. ट्रॅक्टरलाही दात असतात. मागच्या बाजूला पीटीओचा शाफ्ट असतो, ज्याला रोटाव्हेटर जोडतात. त्यावरचं झाकण काढ आणि खाचांवरून बोट फिरव. कमी वापरलेल्याच्या कडा बोटाला चौकोनी लागतात. खूप रोटाव्हेटर मारलेल्याच्या कडा गोल झालेल्या असतात, एका बाजूनं खाल्लेल्या असतात. मग क्लचच्या पायडलकडे बघ. १,१०० तासांत पायडलवरचं रबर जाऊन खालचं लोखंड गुळगुळीत चकाकत नाही. पायडल चकाकत असेल आणि सीटचं कव्हर कोरं करकरीत असेल, तर सीट नवी घातलीय एवढंच समजायचं. रंगही आत डोकावून बघ. बॅटरीखाली, बोनटच्या आतल्या कडेला, नटांच्या खाचेत रंग उडालेला असेल तर तो नुकताच मारलाय. रंग मारणं गुन्हा नाही, पण ‘शोरूम कंडिशन’ची किंमत त्या रंगाच्या डब्याएवढीच.

आणखी एक उपाय आहे, तो फार कमी लोक करतात. ट्रॅक्टर ज्या कंपनीचा असेल तिच्या डीलरकडे चेसिस नंबर घेऊन जायचं. सर्व्हिसला आलेल्या ट्रॅक्टरचे तास तिथं लिहिलेले असतात. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला जर तिथं १,६०० लिहिले असतील आणि आज मीटरवर १,१०० असतील, तर पुढचं बोलणंच उरत नाही. ओळखीचा सर्व्हिस इंजिनिअर असला की काम लवकर होतं, आणि दाजींच्या ओळखी कशासाठी आहेत?

एचपीचाही एक घोळ सांगून ठेवते. ४५ एचपी लिहितात ती इंजिनाची ताकद. रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर आणि तिथपर्यंत पोचताना ताकद कमी होते, चाळीसच्या आत-बाहेर उरते. तुमच्या काळ्या रानात सहा फुटी रोटाव्हेटर चालवायचा पाहुण्यांचा विचार आहे, तर विचारायचं ते पीटीओ एचपी. शिवाय जुन्या मॉडेलवर नव्या मॉडेलचं बोनट आणि स्टिकर चढवून विकणारेही आहेत. बोनटवर काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. आरसीवर काय लिहिलंय ते वाचायचं.

टायर ‘८० टक्के’ हे कुणी मोजलेलं नसतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. मागच्या टायरवर २०२४ दिसलं तर लगेच खूश होऊ नकोस. पहिला टायर एवढ्या लवकर का गेला, ते विचार.

आता बघायला जायचं ते कसं, ते सांगते. त्याला सांग दुपारी येतो, आणि पोच सकाळी साडेसातला. हे लबाडीचं वाटलं तर वाटू दे. गेल्या गेल्या बोनट उघडून इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू होत नसणार. थंड असेल तर तुझ्यासमोर सुरू करू दे. पहिला धूर जरा पांढरा-काळा आला तर चालतं. पण दहा मिनिटांनी निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. सारखा पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेडपाशी काहीतरी बिघडलंय. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघड. तिथून थोडी वाफ येणं ठीक. चिलमीसारखा धूर फकाफका यायला लागला आणि सोबत ऑइलचे थेंब उडायला लागले, तर रिंगा आणि लायनर संपलेत, इंजिन उघडावंच लागणार. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी चहासारखं दिसलं तर तिथूनच माघारी फिर, चहालाही थांबू नकोस.

हायड्रॉलिक बघायला नांगर किंवा रोटाव्हेटर मागे लावून उचलायला सांग आणि मग इंजिन बंद करायला सांग. अवजार वरच राहिलं पाहिजे. बोलता बोलता ते खाली बसायला लागलं तर लिफ्टमध्ये खर्च आहे. ‘अवजार नाहीये हो आत्ता’ असं म्हणाला तर शेजाऱ्याचं आणायला लाव. ज्याच्याकडे सहा वर्षं ट्रॅक्टर आहे त्याच्या दारात एक तरी अवजार असणारच. उतारावर गिअरमध्ये टाकून सोड, गिअर आपोआप सटकतो का बघ. स्टेअरिंग किती मोकळं फिरतं, पुढची चाकं डगमगतात का, हे पाहुण्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि त्याला सरळ एक प्रश्न विचार, ‘यात काय काम निघेल?’ स्वतः चालवलेला खरा शेतकरी पटकन सांगतो : क्लचप्लेट यंदा बदलावी लागेल, डायनॅमो कधी कधी त्रास देतो. त्याला ट्रॅक्टरची माया असते, त्यामुळे दोषही तोच सांगतो. ‘एक रुपयाचं काम नाही’ म्हणणारा बहुतेक वेळा त्या ट्रॅक्टरवर कधी बसलेलाच नसतो. ‘दलालांनी फोन करू नये’ हे वाक्य तर दलालच सगळ्यांत जास्त लिहितात, असा माझा अनुभव आहे.

आता कागदपत्रं. ‘पेपर क्लिअर’वर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण लोखंडातला बिघाड पैशानं दुरुस्त होतो, कागदातला बिघाड कधी कधी होतच नाही.

ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी मागव : आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि ट्रॅक्टरवर कोरलेल्या चेसिस नंबरचा फोटो. देत नसेल तर जायचंच नाही, डिझेल वाचव. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाक. कुठल्या आरटीओत नोंदणी आहे, कधीची आहे, विमा संपलाय का, हे दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात, पण त्यानं सांगितलेलं नाव त्यात बसतं की नाही ते कळतं. आरसीवर बनवल्याचा महिना आणि वर्षही असतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बनलेला आणि २०१९ च्या मार्चमध्ये पासिंग झालेला ट्रॅक्टर सर्रास ‘२०१९ मॉडेल’ म्हणून विकतात. एवढ्याशा गोष्टीत पंधरा-वीस हजारांचा फरक पडतो. स्मार्टकार्डवर मालक कितवा आहे तेही छापलेलं असतं. तिथं ०२ किंवा ०३ असेल तर ‘सिंगल हँड’चा निकाल लागला. पंजाबातून आलेला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आहे का ते विचार. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. ‘तिकडचाच नंबर चालतोय ताई’ असं कुणी म्हटलं तर तो त्याचा चालतोय, तुझा चालणार नाही.

तिथं गेल्यावर चेसिस नंबर डोळ्यांनी वाचून सोडून देऊ नकोस. पातळ कागद त्या आकड्यांवर धर आणि पेन्सिल आडवी धरून घास. आरटीओच्या तपासणीला असेच ठसे काढतात. घासून आलेला ठसा आरसीशी आकडा-आकडा जुळव. कोरलेल्या जागेवर घासल्याच्या खुणा असतील, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका असेल, तर तिथं कागदाशी मिळवणी केलीय. इंजिन नंबरही तसाच बघ. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर उद्या तूच निस्तरत बसशील.

मग कर्ज. फायनान्सवर घेतलेल्या ट्रॅक्टरच्या आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं. हप्ते फिटले तरी ते नाव आपोआप उतरत नाही. कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच उतरतं. ‘कर्ज फिटलंय, एनओसी येईल आठ दिवसांत’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतेय. आठ दिवसांत आली तर नवव्या दिवशी घेऊ, आपल्याला कसली घाई? आमच्याकडे दुरुस्तीला यायचा असा एक ट्रॅक्टर माझ्या चांगला लक्षात आहे. घेणाऱ्यानं पूर्ण पैसे दिले होते, पण विकणाऱ्यानं चार हप्ते भरलेच नव्हते. एक दिवस वसुलीवाले आले आणि रानातूनच घेऊन गेले. रोटाव्हेटर तेवढा रानात सोडून गेले.

नावाची भानगड तर घरोघरची. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, विकतोय मुलगा. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून ट्रॅक्टर वारसाच्या नावावर व्हायला हवा आणि इतर वारसांची संमती हवी. त्यात बहिणीही आल्या. भाऊ म्हणतो, ‘बहिणींचं काही नाही, त्या काही बोलणार नाहीत.’ तू आणि मी बहिणीच आहोत, त्या बोलतात की नाही ते आपल्याला माहीत आहे.

आणि तो ‘टीटी फॉर्म सही करून देतो, नावावर तुम्ही सावकाश करा’ म्हणेल. फॉर्म २९ आणि ३० वर सही घे, पण सावकाश करायचं नाही. राज्यातल्या राज्यात विकलं तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं असतं. हे मोटार वाहन कायद्यातच आहे. नाव चढत नाही तोवर जुना मालकच कागदोपत्री मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्यामुळे जो विकणारा नाव बदलायला टाळाटाळ करतो, त्याला स्वतःचीच काळजी नाही किंवा मधे कुणीतरी तिसरा आहे. हा माल असाच तीन हातांतून फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलेला असतो, आणि आरसीवरच्या माणसाला ट्रॅक्टर कुठंय हेही माहीत नसतं.

नदीकाठच्या तालुक्यातला ट्रॅक्टर असेल तर वाळूचंही विचार. चोरटी वाळू वाहताना महसूलवाल्यांनी पकडलेले ट्रॅक्टर दंड भरून, बंधपत्र लिहून देऊन सुटतात. तो दंड लाखाच्या घरात असतो. भरला नसेल तर प्रकरण तहसीलला पडून राहतं. तिथल्या तलाठ्याला एक फोन केला की बऱ्याच गोष्टी समजतात. ट्रॉलीचा नंबर आणि आरसी वेगळी असते, हे लक्षात ठेव. ‘सोबत ट्रॉली फ्री’ असलेली ट्रॉली बहुतेक वेळा बिननंबरची असते.

किमतीचं थोडक्यात. तसल्या ट्रॅक्टरला तुमच्याकडे चार-सव्वाचार लाख मागतात आणि हा तीन-चाळीसला देतोय, हेच तुला खुणावतंय ना? तर मधल्या काळात बाजारच खाली आलाय, तेही धर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, टायर आणि पार्टही स्वस्त झाले. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव उतरतोच. तरीही जाहिरातवाले ‘नवा एवढ्याला आहे’ म्हणताना जुनाच आकडा सांगतात. शोरूममध्ये जाऊन आजचं कोटेशन घे, फुकट मिळतं, आणि ते खिशात ठेवून सौद्याला बस. अनुदानाच्या नादानं मात्र कुठल्याही लिंकवर जाऊ नकोस. ‘पीएम किसान ट्रॅक्टर योजना, अर्धे पैसे सरकार देणार’ असं फिरणारं सगळं बनावट आहे, अशी योजना नाही असं सरकारी फॅक्ट चेकनंच सांगितलंय. आपल्याकडे यांत्रिकीकरणाचं अनुदान महाडीबीटीवर अर्ज करून मिळतं, फेसबुकवर नाही. ‘बँकेनं जप्त केलेले ट्रॅक्टर अर्ध्या किमतीत’ हे तसलंच. बँका लिलाव करतात हे खरं, पण त्या लिलावाची नोटीस बँकेच्या शाखेत जाऊन विचारता येते.

पैसे देण्याचं एकच सांगते. कुणी म्हणालं, ‘तुम्हाला विश्वास बसावा म्हणून मी एक रुपया पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका,’ तर फोन ठेव. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. आणि चुकून गेलेच तर रडत बसू नकोस, लगेच १९३० ला फोन लाव. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. ‘लोक काय म्हणतील’ करत दोन दिवस घालवलेस तर मग काही हाती लागत नाही.

सौदा ठरलाच तर पाचशेच्या स्टॅम्पवर सौदापावती कर. तिच्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, किती पैसे दिले, किती राहिले, आणि सौद्याच्या तारखेपर्यंतचं कर्ज, दंड, केस सगळं विकणाऱ्यावर, हे लिहून घे. पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात, दुसऱ्या कुणाच्या नाही. ‘मेहुण्याच्या खात्यावर टाका’ म्हणाला तर मेहुण्याच्या नावावर ट्रॅक्टर कर आणि मग ये, असं सांग. पैशांतले थोडे नाव चढेपर्यंत हातात ठेव. खरा विकणारा त्याला तयार होतो, जरा कुरकुरतो, पण होतो. विम्यावरचं नावही १४ दिवसांच्या आत बदलून घे. ते सगळे विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवतं.

शेवटचं, आणि हे फक्त तुझ्यासाठी. हा भाग पाहुण्यांना दाखवायचा की नाही ते तू ठरव. साडेतीन लाखांतले दीड लाख तुझ्या पाटल्यांवरच्या गोल्डलोनचे आहेत आणि चाळीस हजार बचत गटातून तू उचललेयस, हे मला आईनं सांगितलं. तू सांगितलं नाहीस. मग ट्रॅक्टरची आरसी तुझ्या नावावर होऊ दे. त्यात भांडणासारखं काही नाही. ट्रॅक्टर चालवणार पाहुणेच, भाडं मारणार तेच, गावात ‘अमक्याचा ट्रॅक्टर’ म्हणूनच ओळखला जाणार. पण कागदावर तुझं नाव असलं की उद्या तो विकायला काढताना कुणालातरी तुझी सही मागायला यावं लागेल. फॉर्म ३० वर घेणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव टाकायचं हे आरटीओच्या दारात ठरवू नका, घरातून निघण्याआधी ठरवा. तिथं एजंट घाईघाईत पुरुषाचंच आधार मागतो.

पाहुणे नाराज होतील असं तुला वाटत असेल. मला नाही वाटत, माणूस समजूतदार आहे. आणि झालेच तर त्यांना माझ्याशी बोलायला सांग, रविवारी गॅरेज बंद असतं.